अर्धं वजन

काच सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. वर्कशॉपच्या मधोमध, लाकडी घोडीला टेकवून, खाली जाड लोकरीची पट्टी घालून तिला उभं केलं होतं, आणि सकाळपासून घरातला जो तो तिला वळसा घालून ये-जा करत होता. भांडण चाललं होतं, पण हळू आवाजात. काचेजवळ भांडू नये असं या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. पण सगळ्यांनाच हातवारे करून भांडायची सवय, त्यामुळे ते आपोआप अंगवळणी पडलं होतं.

वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीची ही काच. दुपारच्या आत बसवून देतो, असा बाबांचा शब्द गेला होता. जिना अरुंद, मध्ये एक वळण, यंत्र शिरायला जागा नाही. म्हणजे न्यायची ती दोघांनी, हातांवर. आणि घराण्यात काच नेणारी माणसं आता दोनच उरली होती, थोरला आणि धाकटी. बाबांच्या कमरेला पट्टा लागल्यापासून ते स्टुलावर बसून नुसत्या सूचना द्यायचे. आणि नेमकी ही दोन भावंडं गेले तीन आठवडे एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हती. घोडं अडलं होतं ते इथं.

"ही मी नेते. पण ही शेवटची," धाकटीनं हातमोजे चढवत जाहीर केलं. बोलली बाबांशी, ऐकवलं थोरल्याला. "पुलापलीकडच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. दुपारपर्यंत कळवते म्हणून सांगितलंय."

"तिथं काय सोनं लागलंय?" बाबा म्हणाले.

"तिथं काच यंत्र उचलतं. रबरी पंजे लावायचे, बटण दाबायचं. यंत्राला भाऊ नसतो."

थोरला कोपऱ्यात बसून लाकडाचा एक ठोकळा तासत होता. तो मुळात गुळगुळीतच होता. त्यानं मान वर केली नाही, तासतच राहिला. काच नेणारा माणूस काय, पगारावर मिळाला असता. सकाळी गाडीत शेजारी बसून त्याच्या डब्यातलं खाणारी, गिऱ्हाइकांच्या नकला करून त्याला स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लावणारी बहीण पगारावर मिळत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त ते तिला सांगायचं कसं, एवढंच ठाऊक नव्हतं. म्हणून तो भलतंच बोलला.

"जाऊ दे तिला. मी झालं-गेलं केव्हाच विसरलोय. माझ्या मनात काही नाही."

"बघितलंत?" धाकटी उसळली. "बघितलंत बाबा? विसरलाय म्हणे! मला माफ करून बसलाय हा! मी मागितली होती का माफी?"

आता ही माफी कशाची, ते कळायला या घराची काच नेण्याची रीत माहीत हवी. पणजोबांपासून ती तशीच चालत आलेली होती. काच दोघांनी दोन टोकांना धरायची. एकानं तोंड वाटेकडे करून चालायचं, तो 'पाहणारा'. दुसऱ्यानं वाटेकडे पाठ करून उलट्या पावलांनी चालायचं, तो 'पाठमोरा'. पाठमोऱ्यानं मान वळवायची नाही, कारण मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की हात, आणि हाताबरोबर काच. पाहणाऱ्यानं बोलत राहायचं. पायरी आली, उंबरा आला, डावीकडे घे, कुणीतरी बादली ठेवलीय, काय असेल ते. बस्स, रीत एवढीच. थोरला थोरला असल्यामुळे पहिल्यापासून पाहणारा होता. धाकटी काच उचलण्याएवढी मोठी झाली त्या दिवसापासून पाठमोरी.

तीन आठवड्यांपूर्वी एका दंतवैद्याच्या दवाखान्याचं काचेचं दार असंच जिन्यावरून नेताना फुटलं होतं. दाराची काच मोठी हट्टी असते. हातोड्याचा घाव सोसेल, पण कोपरा दगडाला टेकला की संपली. एका क्षणात जिनाभर गारांसारखा चुरा. कुणाला खरचटलंही नाही. पण थोरल्यानं तिथल्या तिथे, दंतवैद्यासमोर, फार मोठ्या मनानं सांगून टाकलं होतं, "हात सुटला तिचा. होतं असं."

"माझा हात सुटला नव्हता," धाकटी आता शंभराव्यांदा म्हणाली. "काच हलकी झाली होती. एकदम. माझ्या हातात असतानाच."

"काच कशी हलकी होईल? फुगा आहे का ती?" थोरला म्हणाला.

"तेच म्हणतो मी," बाबांनी त्याची री ओढली.

"दमलेला हात असला की वाटतं तसं," वहिनीही म्हणाली. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. ती चहाचा ट्रे घेऊन आत येत होती, आणि चहा देताना नवऱ्याची बाजू घेणं तिला सोयीचं वाटलं असावं. थोरला लगेच उठला. "दे इकडे, सांडशील," म्हणत त्यानं तिच्या हातातून ट्रे घेतला. वहिनीनं रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि ते पदराला पुसले.

तेवढ्यात आत्या आली. बाबांची ही थोरली बहीण. वयानं वाकली होती, पण जिभेनं नाही. बाबांच्या उमेदीच्या काळात या वर्कशॉपमधली प्रत्येक मोठी काच या दोघांनी नेली होती, बाबा पाहणारे आणि आत्या पाठमोरी. ती दारातच थांबली, काचेकडे बघितलं, मग माणसांच्या तोंडांकडे.

"पाठमोरं कोण आज?"

"ती. नेहमीसारखंच," थोरला म्हणाला.

"मग काच इथंच राहू दे. वाचनालयाला सांगा, खिडकीत पुठ्ठा लावा."

"अगं पण आत्या..."

"चल मागच्या अंगणात. ती जुन्या दाराची फळी पडलीय ना, ती उचला दोघं. पाठमोरा तू."

थोरला हसला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाहीये.

अंगण म्हणजे रिकाम्या खोक्यांची आणि मोडक्या चौकटींची जागा. मधून कशीबशी एक वाट होती, पुढे तीन पायऱ्या आणि गल्लीचं दार. थोरला या वाटेनं हजारदा गेला असेल. त्यानं फळीचं एक टोक धरलं, धाकटीनं दुसरं. आत्या एका उलट्या खोक्यावर बसली. बाबा पट्टा सावरत मागोमाग आले, आणि वहिनी चहा घेऊन, कारण ही मजा चुकवण्याइतकी ती काही मूर्ख नव्हती.

"चला," धाकटी म्हणाली. आवाज कोरडा, रेल्वेच्या सूचनेसारखा.

थोरल्यानं एक पाऊल मागे टाकलं. दुसरं टाकलं. आणि तिसऱ्याला त्याची मान आपली आपणच वळली.

"मान!" आत्या ओरडली.

"चुकून झालं."

पुन्हा सुरुवात. या वेळी त्यानं मान दाबून धरली, तर डोळे कानाच्या दिशेनं पळू लागले. डोळ्यांना आवरलं, तर बुटाच्या आत पायाची बोटं मुठी वळून बसली. त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. मागे फक्त खोकी आहेत, हे तो जाणून होता. खोक्यांवर आपटून आजवर कुणी मेलं नव्हतं. पण हे सगळं डोक्याला माहीत. टाचेला माहीत नव्हतं. टाच जमिनीला लागण्याआधी दर वेळी क्षणभर हवेत थबकत होती, आणि तेवढ्या क्षणात पोट आत ओढलं जात होतं.

"डावीकडे घे," धाकटी म्हणाली.

"का?"

"खोकं आहे."

"केवढं?"

"दादा, मी तुला कधी विचारलं, केवढं म्हणून?"

नव्हतं विचारलं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. तो म्हणायचा डावीकडे, ती जायची डावीकडे. थोरल्याला वाटायचं, सोपं काम आहे, म्हणून तर तिला दिलंय.

आत्या काठी टेकत उठली, त्याच्या मागे आली आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहात ठेवला. "हे बघ. इथं पाटा ठेवलाय कुणीतरी. तुझा तिच्यावर विश्वास नाही."

"आहे की! सख्खी बहीण आहे माझी."

"विश्वास कुठं आहे? दाखव."

थोरल्याचे दोन्ही हात फळीत अडकलेले. त्यानं हनुवटीनंच छातीकडे इशारा केला. वहिनीला फस्सकन हसू आलं.

"छातीत सगळ्यांच्याच असतो रे," आत्या म्हणाली. "तोंडदेखला विश्वास राहायला तीच जागा. मी गुडघ्यांचं विचारतेय. हा तुझा बाप. आईच्या कपाटावरून आम्ही दोन वर्षं अबोला धरला होता. घरात याचं तोंड बघत नव्हते मी. पण काच उचलली की हा म्हणायचा, पायरी. की माझा पाय वर. एक दिवस माझ्या लक्षात आलं, माझे गुडघे विचारेनासेच झालेत. राग होता, तो इथं," तिनं कपाळाला बोट लावलं. "गुडघ्यांना त्याचा पत्ताच नव्हता."

"कपाट शेवटी तूच नेलंस," बाबा पुटपुटले.

"मीच नेलं. आणि पायरी तू कधी चुकवली नाहीस. म्हणून तर आले ना परत बोलायला."

"पण आत्या, गुडघ्यांना सांगायचं कसं?" थोरल्यानं विचारलं. त्याच्या आवाजातली ऐट उतरली होती. हे वहिनीनं टिपलं, धाकटीनंही.

"सांगून ऐकत नाहीत ते. त्यांना सवय लावायची. एक पाऊल टाक. पडलास?"

"नाही."

"मग आणखी एक टाक. श्वास सोड आधी. गाल फुगवून ठेवलेत, पोहायला निघाल्यासारखे."

थोरल्यानं श्वास सोडला. मग गंमत झाली. श्वास सुटला तशी बुटातली बोटंही सुटली. धाकटी म्हणाली, "सपाट आहे," आणि सपाट होतं. म्हणाली, "थोडं उजवीकडे," आणि खोकं पिंढरीला न लागता बाजूनं निघून गेलं. ते त्याला दिसलं नाही, नुसतं बाजूनं गेल्याचं जाणवलं. "आता पायरी. खालची," ती म्हणाली. त्यानं पाय सोडला, आणि जिथं ती म्हणाली तिथंच पायरी होती. दगडाची, टणक, तीच जुनी पायरी. पण कुणीतरी आत्ताच आणून खाली ठेवावी तशी ती पायाखाली आली. त्याला लहान मुलासारखा आनंद झाला.

"आणखी," तो म्हणाला.

"बघा, चटक लागली," वहिनी म्हणाली.

तिन्ही पायऱ्या उतरून झाल्या, वळून पुन्हा चढून झाल्या. तिसऱ्या फेरीला धाकटीचा आवाजही जरा सैल झाला होता. "समोर वहिनी उभी आहे, तुला हसतेय, ते सोडून रस्ता मोकळा आहे," अशी सूचना आली. थोरलाही हसला. हात, खांदे, पाठ सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं. फळीचं वजन दोन्ही तळव्यांवर नीट टेकलेलं होतं, आणि ते तसं टेकलेलं आहे म्हणूनच पलीकडे ती आहे, हे न बघता कळत होतं.

आणि त्याच वेळी फळी हलकी झाली.

एकदम. त्याच्या हातात असतानाच. तळव्यांखालून कुणीतरी जमीनच काढून घ्यावी तसं झालं. त्याचा पाय भलतीकडे पडला. फळीचं पलीकडचं टोक खाली जाऊन पायरीवर आपटलं.

"काय केलंस तू?" तो ओरडला. "हलकी झाली ना!"

बोलून गेला, आणि स्वतःचंच वाक्य कानांत घुमत राहिलं. धाकटी फळी धरून तशीच उभी होती. तिचे हात आता टोकाला नव्हते. ते पुढे, पार मधल्या भागावर सरकलेले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "तू दमला असशील असं वाटलं. म्हणून थोडं वजन माझ्याकडे घेतलं. न सांगता."

थोरल्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. ते त्याला ओळखीचे वाटले. स्वतःचे हात कुणी असे समोरून बघत नाही, पण दवाखान्याच्या जिन्यावर आपलेच हात असेच होते, हे त्याला आता लख्ख आठवलं. तिचा चेहरा लाल झालेला दिसला होता. त्याला दया आली होती. मग हात मधल्या भागाकडे सरकले होते. आपण काही केलं असं तेव्हा वाटलंही नव्हतं, इतकं ते नेहमीचं होतं. वजन त्याच्याकडे आलं, त्याच्या बाजूचं सुटलेलं टोक खाली गेलं, आणि कोपरा पायरीला टेकला.

"माझा हात सरकला होता," तो म्हणाला. आधी हळू, मग बाबांकडे वळून पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाबा, त्या दिवशी हात तिचा सुटला नव्हता. मी वजन ओढून घेतलं. काच माझ्यामुळे फुटली."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना दोन्ही पोरांची बाजू एकदम घ्यायची होती आणि ते जमत नव्हतं.

"अरे पण तू तिच्यासाठीच..."

"माझ्यासाठी काय?" धाकटी म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरून आले होते. "हातातलं वजन हाच माझा रस्ता असतो, दादा. मला मागचं दिसत नाही. तू किती लांब आहेस, वर आहेस की खाली, सगळं मला वजनावरून कळतं. तेच काढून घेतलंस तर मी कुठं उभी आहे ते मला कसं कळायचं? आणि वर सगळ्यांना सांगितलंस, हिचा हात सुटला. तीन आठवडे मी रोज रिकामे हात बघत बसले. वाटायला लागलं, खरंच सुटला की काय."

"घरी पण तेच करतात हे," वहिनी एकाएकी म्हणाली. तिनं बाजू बदलल्याचं कुणाला कळायच्या आत ती पुढे निघाली होती. "मी कुलूप लावलं की हे परत येऊन ओढून बघतात. मी बादली भरली की दे इकडे. मी गाडी लावली की उतरायच्या आत म्हणतात, किल्ली दे, जरा सरळ करतो. आत्ता ट्रे घेतला. तेरा वर्षं मी या घरात ट्रे आणतेय. एकदा तरी सांडला का?"

"मला वाटायचं, मदत करतोय," थोरला म्हणाला.

"मी मागितली होती?"

"नाही."

"तुझा बापही करायचा हं हे," आत्या खोक्यावर परत बसत म्हणाली. "पहिल्या वर्षी. बहीण आहे, नाजूक आहे. मी एकदा फळी याच्या पायावर सोडली. मग सुधारला."

"अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे," बाबांनी साक्ष दिली, आणि अंगणातली हवा जरा हलकी झाली.

थोरला मात्र हसला नाही. त्यानं फळी भिंतीला लावली. बहिणीच्या समोर येऊन उभा राहिला. "वाचनालयाच्या काचेला तू पाहणारी हो. मी पाठमोरा. आणि मग तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही."

"अडवू नकोसच," धाकटी नाक ओढत म्हणाली. "उचल."

वाचनालयात नवीच अडचण निघाली. ग्रंथपाल बाई जिन्याच्या तोंडाशी ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. वर लोक वाचत बसलेत, आवाज अजिबात चालणार नाही.

"बाई, बोलल्याशिवाय काच नेता येत नाही," धाकटीनं समजावलं.

"मग कुजबुजून न्या."

इथं थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. अंगणातल्या फळीवर जमलेलं सगळं आता खऱ्या काचेवर, अरुंद जिन्यावर, आणि तेही कुजबुजत करायचं होतं. काच उचलली तेव्हा तिचा थंडपणा हातमोज्यांतूनही जाणवला. बाबा आणि आत्या खाली रस्त्यावर थांबले. वहिनी गाडीजवळ थांबली. आज किल्ली तिच्याकडे होती.

थोरला पाठमोरा, म्हणून तोच आधी जिना चढू लागला. धाकटी खालून, काचेच्या पलीकडून बोलत होती. "पायरी. पायरी. पायरी. कठडा डावीकडे आहे, लागणार नाही. पायरी." इतकं हळू की ऐकायला त्याला बाकी सगळं थांबवावं लागलं. मनातली बडबड थांबली. मग मागे काय असेल हा प्रश्नही थांबला. तिचा आवाज आणि हातातलं वजन, दोनच गोष्टी उरल्या. वरच्या वाचनकक्षात कुणीतरी पान उलटलं, तेही त्याला ऐकू आलं. पायरीगणिक टाच आपली आपण वर जात होती आणि टेकत होती, आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात त्याच्या गुडघ्यांनी काहीच विचारलेलं नाही.

वळणावर आले. काच तिरपी करून, तसूतसूनं फिरवायची होती. निम्मी फिरली, आणि धाकटी म्हणाली, "थांब."

तो थांबला. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. का, हा शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला होता. त्यानं तो गिळला. मागे कुणी आलं असेल, कोपरा भिंतीला लागत असेल, काहीही असेल. तिला दिसतंय. त्यानं श्वास सोडला आणि उभा राहिला. काचेतून तिचा चेहरा दिसत होता. कपाळावर घाम होता. डाव्या दंडाची शीर थरथरत होती. त्याच्या हातांना सरकायची जुनी ओढ लागली, अगदी खाज सुटावी तशी. त्यानं ते हलू दिले नाहीत. आजवर उचललेल्या सगळ्या काचांत हे न हलणं सगळ्यांत जड होतं.

बराच वेळ गेला. निदान त्याला तरी तसं वाटलं.

"दादा," ती कुजबुजली. "डावा हात भरून आलाय. थोडं घेतोस?"

"किती?"

"मी सांगते. हळू सरक. टोक मी सांभाळलंय."

तो बोटाबोटानं सरकला. वजन येत गेलं.

"बस," ती म्हणाली, आणि तो तिथंच थांबला. आणखी एक बोटभर घ्यायला काही हरकत नव्हती. तो अजिबात दमला नव्हता. पण तिनं बस म्हटलं होतं.

धाकटीनं डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. लांब श्वास घेतला. आधीच वर गेलेल्या ग्रंथपाल बाईंनी डोकावून पाहिलं आणि त्या परत आत गेल्या.

"आता दे परत."

थोरला मागे सरकला. वजन उतरत उतरत तिच्याकडे गेलं, आणि जिथं दोघांचं सारखं झालं तिथं हातांना बरोबर कळलं. पुरं अर्धं. तिच्या हातात ते गेलेलं बघून त्याला काळजी वाटायला हवी होती. त्याऐवजी त्याला फार दिवसांनी विसावा मिळाला. इतकी वर्षं तो काय काय उचलून चालला होता, आणि ते कुणी सांगितलं होतं, कोण जाणे.

"पायरी," धाकटी म्हणाली.

काच वर पोचली, चौकटीत बसली. आता लाकडी पट्ट्या ठोकून होईपर्यंत कुणीतरी ती दोन्ही तळव्यांनी दाबून धरायला हवी होती. थोरल्यानं धरली. खाली रस्त्यावर बाबा आणि आत्या माना वर करून एकमेकांना काहीतरी दाखवत होते. बहुतेक काच वाकडी बसल्याबद्दल वाद असावा. धाकटीनं चार पट्ट्या ठोकल्या, हातोडीला फडकं गुंडाळून, ग्रंथपाल बाईंच्या मर्जीखातर. मग तिनं हातमोजे काढले आणि फोन लावला.

थोरला काचेला हात लावून उभा राहिला. ऐकायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि सगळं ऐकलं.

"हो, मीच बोलतेय," ती कुजबुजत होती. "नाही हो, नाही जमणार. त्याचं असं झालंय, आमच्याकडे आजपासून एक नवा माणूस लागलाय. पाठमोरा. अंगानं दांडगा आहे, ऐकतोही बरा, पण अजून फार कच्चा आहे. मला थांबून शिकवावं लागेल. किती दिवस? ते काही सांगता येत नाही. वय झालंय ना त्याचं. हो. आभारी आहे."

तिनं फोन ठेवला. थोरल्याला हसू फुटलं, आणि त्याच्याबरोबर रडूही. एवढा थोराड माणूस, वाचनालयाच्या भर खिडकीत, खाली बाप आणि आत्या बघत असताना. गालांवरून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं. दोन्ही हात काचेवर, ते काढता येईनात.

धाकटी फडकं घेऊन जवळ आली, आणि थांबली.

"पुसू?" तिनं विचारलं.

"पूस," तो म्हणाला.